घरात राजकारण नाही, पैसा नाही, तरी आमदार होता येतं का? सुरुवात कुठून करायची?

होता येतं. कागदावरच्या अटी तर फारच साध्या आहेत, वय २५ पूर्ण, मतदार यादीत नाव, डिपॉझिट १० हजार (एससी, एसटी असाल तर ५ हजार), अपक्ष असाल तर १० सूचक, म्हणजे तुमच्या उमेदवारी अर्जावर सही करणारे त्याच मतदारसंघातले मतदार. पण तुमचा खरा प्रश्न हा नाहीये हे कळतंय मला.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याकडचा, त्यामुळं माझ्यासमोर आबांचंच उदाहरण येतं, म्हणजे गणपतराव देशमुख. मूळ गाव मोहोळ तालुक्यातलं पेनूर, वकिली शिकले, सांगोल्यात येऊन वकिली केली, शेतकरी कामगार पक्षाचं काम केलं आणि १९६२ ला पहिल्यांदा आमदार झाले. एकूण ११ वेळा निवडून आले, सगळ्या वेळा त्याच मतदारसंघातून, त्याच पक्षातून. लोक हा आकडा सांगतात पण मला त्यातल्या दोन हारच जास्त महत्त्वाच्या वाटतात. १९७२ ला पडले, पोटनिवडणुकीत १९७४ ला परत आले. १९९५ ला फक्त १९२ मतांनी पडले आणि १९९९ ला परत निवडून आले. एवढ्या थोडक्यात पडलेला माणूस चार वर्षं काय करतो त्यावर सगळं ठरतं. त्याच काळात आटपाडीची पाणी परिषद चालू होती, १९९३ पासून, स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी आणि आबा मिळून दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचं पाणी मागत होते. आमदारकी गेली म्हणून त्यांनी पाण्याचा विषय सोडला नाही.

आमच्याकडं एसटीत पुढच्या सीटवर विधानसभा सदस्यांसाठी राखीव असं लिहिलेलं असायचं, लहानपणी ते वाचून वाटायचं की इथं कोण येऊन बसणार, पण आबा खरंच एसटीनं फिरायचे, त्यामुळं आमच्या भागात त्या अक्षरांना अर्थ होता.

आता माझा अनुभव. मी कधी कुठल्या निवडणुकीला उभा राहिलो नाही पण बरीच वर्षं लोकांची तहसीलची कामं करून देतोय, फेरफार, रेशन कार्डात नाव चढवणं, निराधारचे फॉर्म. एकदा एक आजी प्लास्टिकच्या पिशवीत सगळी कागदं घेऊन आल्या, श्रावणबाळचा, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी पेन्शनचा अर्ज वयाच्या दाखल्यावाचून अडकलेला, शाळेत कधी गेल्या नाहीत मग दाखला आणायचा कुठून, आणि ऑफिसात प्रत्येक वेळी पुढच्या आठवड्यात या एवढंच. सरकारी दवाखान्यातून वयाचं सर्टिफिकेट मिळतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी सोबत गेलो, तीन हेलपाटे झाले, काम झालं. महिन्याभरात त्यांनी गल्लीतल्या चार बायका माझ्याकडं पाठवल्या. माणसाचं नाव होतं ते असंच, बॅनर लावून होत नाही हे मी शपथेवर सांगतो.

फक्त एवढ्यावर थांबू नका. आमदाराचं मूळ काम गटार आणि रस्ता नाही, कायदा आणि बजेट आहे. तारांकित प्रश्न म्हणजे काय, लक्षवेधी कशी लावतात, पुरवणी मागण्या कशाला म्हणतात हे आत्ताच शिकून घ्या, विधिमंडळाचं कामकाज लाइव्ह दिसतं ते बघा. आबांना सभागृहात मान होता तो अभ्यासामुळं, नुसतं जास्त वेळा निवडून आले म्हणून नाही.

आणि थेट विधानसभेची घाई करू नका, ग्रामपंचायतीला २१ वर्षं पुरतात. खेड्यातले असाल तर येत्या ग्रामसभेला जा, रजिस्टरवर सही करा आणि वित्त आयोगाचे पैसे, म्हणजे ग्रामपंचायतीला सरकारकडून येणारा निधी, गेल्या वर्षी कशावर खर्च झाले ते उभं राहून विचारा. उत्तर मिळालं नाही तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.