फॉर्म चार आधी वाच

प्रिय,

तू नोकरी करतोस ते दैनिक एका उद्योगसमूहाकडे चाललंय, आणि तू विचारतोयस की कंपन्यांच्या खरेदी-विक्रीवर नजर ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाने हरकत घेतली नाही तर काळजीचं कारण नाही ना. कारण आहे. २००२ चा स्पर्धा कायदा उलाढाल, मालमत्ता आणि बाजारातला वाटा बघतो. सिमेंट कंपनी विकली काय नि दैनिक विकलं काय, फूटपट्टी तीच. एका शहरातल्या वाचकाकडे किती स्वतंत्र हातांतून बातमी पोचते, हे तो मोजत नाही. दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाने १९८२ मध्ये वृत्तपत्रं इतर उद्योगांपासून वेगळी करा म्हटलं, 'ट्राय' या दूरसंचार नियामकाने २०१४ मध्ये एकाच हातात अनेक माध्यमं नकोत म्हणून शिफारशी केल्या. दोन्ही कागदावरच राहिलं.

कायदा करायचाच तर काय मोजावं, हे 'सकाळ'च्या खटल्यातून शिकावं. १९५६ च्या कायद्याने आणि १९६० च्या आदेशाने दैनिकाची पानं किमतीला बांधली. हेतू असा की बड्या पत्रांनी स्वस्तात जास्त पानं देऊन छोट्यांना संपवू नये. पुण्याचं 'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६१ मध्ये जिंकलं. पानं घटवली की मजकूर जातो, किंमत वाढवली की खप जातो. दोन्हीकडून घाव अभिव्यक्तीवरच. निकाल मला पूर्ण पटतो. पण मक्तेदारीचा प्रश्न त्याने सुटला नाही. आवर मालकीला घालायला हवा, पानांना नव्हे.

लेखी हमीवरही विसंबू नकोस. लंडनचं 'द टाइम्स' १९८१ मध्ये माध्यमसम्राट रूपर्ट मर्डोक यांनी घेतलं, तेव्हा व्यवहार तिथल्या मक्तेदारी आयोगाकडे तपासणीला गेलाच नाही. त्याऐवजी संपादकीय स्वातंत्र्याची हमी आणि स्वतंत्र संचालक आले. संपादक हॅरोल्ड इव्हान्स यांना मार्च १९८२ मध्ये राजीनामा द्यावा लागला. हमी जागेवर होती, माणूस गेला.

म्हणून तू तुझी चौकशी कर. जुने अंक काढ. १८६७ च्या वृत्तपत्र व पुस्तक नोंदणी कायद्याखालच्या नियमांनुसार दरवर्षी फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात फॉर्म चार, म्हणजे मालकीचं निवेदन, छापावं लागे. एक टक्क्याहून अधिक भांडवल कुणाचं, ती नावं त्यात असत. पाच-सहा वर्षांचे शेजारी ठेवलेस की मालकी कुठून कुठे सरकली ते कळेल. शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कुणाची तेही छापलेलं असतं. खटला झाला तर कोर्टात तोच माणूस उभा राहतो. निवड खरंच तो करतो का, हे मात्र रात्री पान छपाईला सोडताना डेस्कवर बसल्याशिवाय समजत नाही. मालकाच्या दुसऱ्या कंपनीत अपघात झाला, तर बातमी कुठल्या पानावर गेली, मथळ्यात कंपनीचं नाव होतं का, पहिल्या परिच्छेदात मृतांचा आकडा आला की कंपनीचा खुलासा? माझ्या मते यापेक्षा भरवशाची परीक्षा नाही.

नव्या व्यवस्थापनाशी बोलणं होईल तेव्हा पगारासोबत हेही विचार: संपादकाला काढायचा अधिकार कुणाचा, आणि ते कुठे लिहिलंय? उत्तर टाळलं तरी तडकाफडकी नोकरी सोडू नकोस. बातमी दे. ती अडवली तर कुणी, कधी, काय कारण सांगून, ते त्याच दिवशी वहीत लिही, आणि तुझी मूळ प्रत जपून ठेव.