चौदा टक्के उष्णता गेली कुठे?

प्रश्न : मॅडम, माझं वय ३१. थर्मलमध्ये एम.टेक. करून पाच वर्षं हीट एक्स्चेंजरच्या (एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्राच्या) डिझाइनमध्ये नोकरी करतोय. आता पीएच.डी. करायचं मनात आहे. एका गाइडनी विषय सुचवलाय : नळीत पिळाची पट्टी घालून हीट ट्रान्सफर वाढवणं. मित्र म्हणतात, हा घासून गुळगुळीत झालेला विषय आहे, त्यापेक्षा एआयचं काहीतरी घे. शिवाय सगळं काम कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनवरच करावं असं वाटतं, कारण प्रयोगाचा सेटअप उभारण्यात वर्षं जातात म्हणे. काय करू?

उत्तर : तुमच्या मित्रांचं अर्धं बरोबर आहे. पट्टीचा पीळ जरा बदलायचा, कडेला खाचा पाडायच्या, पुढच्या खेपेला भोकं पाडायची, की झाला पेपर. त्या रांगेत तुम्ही उभं राहू नये. पण विषय जुना आहे हे काही कारण नव्हे. ब्रिटिश इंजिनिअर ऑसबर्न रेनॉल्ड्सनी काचेच्या नळीत रंगाची धार सोडून पाहिली ती १८८३ साली, आणि नळीतला संथ प्रवाह नेमका कसा विस्कटतो यावर अजून कामं चालूच आहेत. तेव्हा गाइडना एवढंच विचारा, 'यातलं कुठलं उत्तर आज कोणालाच ठाऊक नाही?' 'या आकाराच्या पट्टीवर अजून कोणी केलेलं नाही' असं उत्तर आलं तर नमस्कार करून उठा. कोणाला गरज पडली नाही म्हणूनही ते राहिलेलं असू शकतं.

खरं म्हणजे प्रश्न तुमच्याच टेबलावर पडलेला आहे. डिझाइन करताना तुम्ही टेमाच्या (हीट एक्स्चेंजर बनवणाऱ्यांच्या अमेरिकी संघटनेच्या) कोष्टकातून फाउलिंग फॅक्टर, म्हणजे साचलेल्या थराने उष्णतेला होणारा अडथळा, उचलून घालता ना? तो एक ठरीव आकडा. प्रत्यक्षात नळीच्या आतला थर दिवसागणिक चढतो, प्रवाहाचा वेग वाढला तर त्यातला काही धुऊनही जातो. आता पिळाच्या पट्टीने पाणी घुसळलं जातं म्हणून थर कमी बसेल, की पट्टी आणि भिंत यांच्या फटीत जास्त अडकेल? तुमच्या पाण्यासाठी, तुमच्या वेगांना याचं उत्तर काय, हे पाच वर्षं नोकरी केलेला माणूसच विचारू शकतो. एम.टेक. करून थेट आलेल्या मुलाला हे सुचत नाही. मलाही सुचलं नसतं.

आता सिम्युलेशन. माझंच सांगते. माझा विषय होता तापवलेल्या नळीतून जाणारी हवा. नळीभोवती हीटरची तार, त्यावर इन्सुलेशन. विजेने दिलेली उष्णता आणि हवेने बाहेर नेलेली उष्णता यांचा ताळा जमला पाहिजे, हा या धंद्यातला पहिला नियम. दोन-चार टक्के इकडेतिकडे चालतात. माझा ताळा चौदा टक्क्यांनी चुकायचा. रोज. पाच महिने. मी इन्सुलेशन दुप्पट केलं. फ्लँजमधून (नळीच्या जोडावरच्या कड्यांतून) उष्णता पळत असेल म्हणून मध्ये टेफ्लॉनच्या चकत्या घातल्या. दोन टक्के परत मिळाले, बारा गायबच. शेवटी वर्कशॉपमधले मेकॅनिक दाराशी उभं राहून म्हणाले, 'बाई, गरम हवा भिंतीच्या कडेने येते आणि तुम्ही मोजताय मधोमध.'

बाहेर पडणाऱ्या हवेत मी एकच थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) ठेवलं होतं, तेही बरोबर केंद्रात, जिथे हवा सगळ्यात कमी तापलेली. मोजायला हवं होतं ते सगळ्या हवेचं मिसळलेलं तापमान. आम्ही तोंडाशी जाळ्या आणि आडपडदे घातलेली एक मिक्सिंग चेंबर बसवली, तिला बाहेरून गुंडाळलं, आणि ताळा चार टक्क्यांच्या आत आला. या मिसळलेल्या तापमानाची, म्हणजे बल्क टेम्परेचरची, व्याख्या मी परीक्षेत दोनदा लिहिली होती. पूर्ण मार्क मिळाले होते.

सॉफ्टवेअरला सांगितलं की ते सरासरी तापमान काढून देतं, त्यामुळे ही चूक तिथे सहसा होत नाही. पण तुम्ही तुमचं सिम्युलेशन ताडून बघणार कशाशी? कोणाच्या तरी छापलेल्या प्रयोगाशी. त्या कोणीतरी थर्मोकपल मधोमध ठेवलं असेल तर? तुमचं गणित बरोबर असूनही जुळणार नाही, आणि मग तुम्ही टर्ब्युलन्स मॉडेल (खळबळत्या प्रवाहाचं गणिती सूत्र) बदलत बसाल, जुळेपर्यंत.

म्हणून माझं मत : लहानसा का होईना, स्वतःचा सेटअप हवा. आधी पट्टी न घालता साधी नळी चालवा. संथ प्रवाहात, भिंतीवर सगळीकडे सारखी उष्णता देऊन, प्रवाह पूर्ण विकसित झाल्यावर (त्याची घडी पुढे बदलेनाशी झाल्यावर) नसेल्ट नंबर, म्हणजे भिंतीकडून प्रवाहाला उष्णता किती चांगली मिळते याचा आकडा, ४.३६ यायला हवा. तुमच्या सिम्युलेशनमध्येही तोच यायला हवा, नाहीतर पुढे जाऊ नका. रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह संथ की खळबळता हे सांगणारा आकडा) १०,००० च्या वर गेला की डिटस-बोएल्टरच्या समीकरणाशी ताडा, पण १९३० पासून वापरात असलेलं ते समीकरण स्वतःच पंचवीस टक्क्यांपर्यंत चुकू शकतं. त्याच्याशी दहा टक्क्यांत जुळलं म्हणून पेढे वाटू नयेत. ग्निलिन्स्कीचं १९७६ चं समीकरण अधिक भरवशाचं.

थर्मोकपल विकत घ्यायच्या आधी एक हिशेब करा. के-टाइप या नेहमीच्या प्रकारच्या थर्मोकपलच्या चुकीची ठरीव मर्यादा ±२.२ अंश सेल्सिअस. तुमचं पाणी नळीत शिरून बाहेर पडेपर्यंत ६ अंशांनी तापतं असं धरा. दोन टोकांच्या दोन थर्मोकपलच्या चुकांचे वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ काढलं तर ती ३.१ अंश होते. म्हणजे जे मोजायचंय त्याच्या निम्म्याहून जास्त! कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या तापमानाशी ताडणं) न करता नळीवर चिकटवलेली थर्मोकपल मी पुष्कळ प्रबंधांत पाहिली आहेत. आलेख मात्र तिथे फार सुरेख असतात.

तरीही निव्वळ सिम्युलेशनच करायचं ठरलं, तर निदान तीन वेगवेगळ्या जाळ्यांवर (गणितासाठी नळीचे पाडलेले जाडे-बारीक तुकडे) उत्तर काढून चूक किती ते आकड्यात सांगा. 'जर्नल ऑफ फ्लुइड्स इंजिनिअरिंग'ने १९८६ मध्येच धोरण जाहीर केलं होतं की अचूकतेची तपासणी न केलेले संख्यात्मक पेपर घेणार नाही. एआयचंही तेच. मॉडेलला शिकवायला जे आकडे लागतात ते कोणीतरी थर्मोकपल लावूनच मिळवलेले असतात.

गाइडबद्दल थोडक्यात. त्यांच्या विद्यार्थ्यांना भेटा, पण गाइड नसताना. लिहून दिलेलं प्रकरण किती दिवसांनी परत येतं, एक सेन्सर घ्यायला किती सह्या लागतात, मध्येच सोडून कोण गेलं आणि का, एवढं विचारा. नोकरी सांभाळून प्रयोग करायचा विचार असेल तर करू नका. सेटअप स्थिर व्हायलाच दोन-तीन तास जातात, त्याला शनिवार-रविवार पुरत नाहीत.

प्रश्न : प्रबंध जवळपास लिहून झालाय. एका आलेखावर एक बिंदू रेषेपासून लांब पडतो. गाइड म्हणतात, काढून टाक, कोण बघतंय. काढू का?

उत्तर : नका काढू. तेच रीडिंग आणखी तीनदा घ्या. पुन्हा तसंच आलं तर तो कदाचित तुमच्या प्रबंधातला सगळ्यात मोलाचा बिंदू असेल. नाही आलं तरी आलेखावर ठेवा आणि खाली एक ओळ लिहा. माझ्या व्हायव्हात (प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत) बाहेरच्या परीक्षकांनी दोनशे पानं उलटून नेमकं अशाच एका बिंदूवर बोट ठेवलं होतं. मी लॉगबुकचं पान उघडून दाखवलं : त्या दिवशी अकरा चाळीसला हीटरचा व्होल्टेज पडला होता, शेजारी पेन्सिलीने 'पुन्हा घेणे' आणि पुढच्या पानावर पुन्हा घेतलेलं रीडिंग. त्यांनी दोन्ही पानं वाचली, चष्मा काढला आणि पुढचा प्रश्न मिक्सिंग चेंबरवर विचारला.