पब नवा झाला, पण बिअरचं काय?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला बारा वर्षं राहतोय. घराच्या कोपऱ्यावरचा पब सहा आठवडे बंद ठेवून आता परत उघडलाय. जुना लाल गालिचा गेला, मागची छोटी खोली पाडून सगळं एकच मोकळं केलंय, भिंती राखाडी, आणि बिअर ओढायचे हँडपंप दोनाच्या जागी आता सहा. नवरा जाम खूश आहे, पण मला बिअर पूर्वीसारखी लागत नाही. माझ्याच मनाचे खेळ का?

उत्तर : मनाचे खेळ नाहीत, तुमची जीभ बरोबर सांगतेय आणि माझा संशय त्या सहा पंपांवर आहे. हँडपंपातून येते ती कास्क एल, म्हणजे जिवंत बिअर, यीस्ट पिंपातच काम करत असतं, बाहेरून गॅस दाबून भरलेला नसतो. पिंप एकदा सुरू केलं की जेवढी बिअर बाहेर येते तेवढी हवा आत शिरते आणि तीनेक दिवसांत चव उतरायला लागते, मग ब्रूअरी कितीही भारी असू दे. आता हिशोब करा, फिरकिन म्हणजे 9 गॅलनचं पिंप, त्यात 72 पाइंट, म्हणजे तेवढेच मोठे ग्लास (गाळ जातो तो वेगळाच). तीन दिवसांत संपवायचं तर रोज 24 पाइंट खपायला हवेत, आणि सहा पंप असतील तर रोज 144! मंगळवारी संध्याकाळी तुमच्या पबात माणसं किती असतात ते मोजून बघा एकदा. दोन पंप होते तेव्हा पिंप पटापट रिकामं व्हायचं, बिअर ताजी मिळायची, एवढं साधं आहे ते.

नूतनीकरण करणारे सोफ्यावर, दिव्यांवर पैसे ओततात, पण तळघर थंड राहतंय का, बिअरचे पाइप दर आठवड्याला धुतात का, हे कोणी विचारत नाही कारण ते फोटोत दिसत नाही ना. आणि ती छोटी खोली पाडली याचं मला खरंच वाईट वाटलं, अशा खोलीला इथे स्नग म्हणतात, म्हाताऱ्या बायका दोघी-तिघी निवांत बसायच्या तिथे. असल्या गोष्टी लोक किती मनाला लावून घेतात बघा, लंडनच्या मेडा व्हेलमधला कार्लटन टॅव्हर्न हा पब 2015 मध्ये मालकांनी परवानगी न घेताच पाडला, तर होता तसा परत बांधा असा हुकूम निघाला आणि 2021 मध्ये तो खरोखर उघडला.

तुम्ही काय करायचं? "आज सगळ्यात जास्त काय खपतंय?" असं विचारून तेच घ्या, आधी घोटभर चव मागितली तरी बहुतेक ठिकाणी देतात. आणि व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर एक-दोन घोटांतच ग्लास परत न्या, शांतपणे सांगा, बहुतेक वेळा बदलून मिळतो. मी एकदा भिडेपोटी असला अख्खा ग्लास संपवला आणि मग तक्रार करायला गेलो, रिकामा ग्लास घेऊन! बारवरच्या बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते अजून आठवतं.

प्रश्न : इंग्लंडमध्ये बिअर कोमट का देतात?

उत्तर : कोमट नसते हो, 11 ते 13 अंशांवर देतात, तळघरात तेवढंच तापमान ठेवतात. फ्रिजमधल्या गार लागर बिअरची सवय असली की कोमट वाटते. पण बर्फासारखी गार केली तर माल्ट-हॉप्सची चव कळतच नाही. खरोखर कोमट आली तर मात्र तळघरात किंवा पाइपात काहीतरी गडबड आहे.

प्रश्न : मी पक्का शाकाहारी आहे. मित्र म्हणतो बिअरमध्ये मासा असतो. थट्टा करतोय का?

उत्तर : थट्टा नाही, अर्धं खरं आहे. पिंपातली बिअर नितळ व्हावी म्हणून त्यात आयसिंग्लास घालायची जुनी पद्धत आहे, ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतं. ते यीस्टला धरून तळाशी बसतं, ग्लासात आलंच तर अगदी किंचित, पण तुम्हाला चालत नसेल तर नाहीच चालत, त्यात वाद काय घालायचा. गिनेसने ते वापरणं सोडून काही वर्षं झाली, आणि बऱ्याच छोट्या ब्रूअऱ्या आता बिअर न नितळवताच पाठवतात, पंपावरच्या पाटीवर व्हीगन किंवा अनफाइन्ड लिहिलेलं असतं ते बघा. ती थोडी धूसर दिसेल, पण म्हणून खराब समजून परत नेऊ नका, आधी वास घ्या.