घरी जोडलेला पीसी बटण दाबलं तरी चालूच होत नाही, पंखाही हलत नाही. काय तपासू?

पंखाच हलत नसेल तर रॅमच्या मागे आत्ताच लागू नका. एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मागचा स्विच बघा. मग मदरबोर्डची २४ पिनची आणि प्रोसेसरजवळची ८ पिनची वायर घट्ट बसेपर्यंत दाबा. एसएमपीएस मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

तरीही शांत? कॅबिनेटच्या बटणाची वायर काढून मदरबोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडा. चालू झाला तर दोष बटणाचा किंवा त्याच्या वायरचा. सोलापुरात मी नवा एसएमपीएस घ्यायला नवी पेठेत निघालोच होतो, आणि हीच वायर एक पिन सोडून बसवलेली निघाली!

नाहीच झाला, तर बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर चालवून बघा. खालचा एखादा जादा स्टँडऑफही (बोर्ड ज्यावर टेकतो तो धातूचा छोटा खांब) शॉर्ट करतो.