“इथे शेप नसतं का, मॅडम?”

“नोकरी तर लागली, पण पायाचं कागदावर आणलं तर पुढची तरक्की अडेल ना?”

मी ग्वाल्हेरात मानसोपचाराचं काम करते. माजी सैनिकांच्या घरांतून हा दुसरा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. पहिल्यातलं ‘शेप’ म्हणजे फौजेतली वैद्यकीय तंदुरुस्तीची श्रेणी, त्याकडे पुढे येते. कुणाचा पाय, कुणाचा कान, कुणाच्या हाताची बोटं, प्रश्न तोच. ग्वाल्हेर, भिंड, मुरैना हा पट्टाच फौजेचा. ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर या वस्तीतल्या मराठी घरांतही कुणी ना कुणी पलटणीत असतंच. तिथून बाहेर पडलेली ही माणसं बँकेत, रेल्वेत, केंद्राच्या दफ्तरांत लागतात आणि मग वर्षानुवर्षं दुखणं दडवत राहतात. म्हणून एकाची गोष्ट सविस्तर सांगते. त्यांची परवानगी आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. त्यांना हवालदारसाहेब म्हणू.

आधी वहिनी एकट्याच आल्या. “ते यायचे नाहीत. मला काही झालेलंच नाही म्हणतात.” नियंत्रण रेषेजवळ सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याखालून गेला. बोर्ड आऊट झाले, म्हणजे वैद्यकीय मंडळाने फौजेतून बाहेर काढलं, पेन्शन बसली, मग माजी सैनिकांच्या कोट्यातून कारकुनाची नोकरी लागली. रुजू होताना फौजेचे कागद लावले होते, पण सिव्हिलचं अपंगत्व प्रमाणपत्र काढलंच नाही. दफ्तरात विचारलं तर “गुडघा धरलाय” म्हणायचे. रेकॉर्ड दुसऱ्या मजल्यावर, इमारत जुन्या काळची, पायऱ्या उंच. फायलींचे गठ्ठे स्वतःच वाहायचे. थंडीत पायाच्या उरलेल्या टोकाला जखम व्हायची, मग रजा, मग साचलेलं काम, मग वार्षिक अहवालात “कामात सातत्य नाही” असा शेरा. त्या शेऱ्याच्या धास्तीने आणखी चार फेऱ्या जास्त.

कृत्रिम पाय दुरुस्त करायला पुण्याच्या आर्टिफिशियल लिम्ब सेंटरला जायचे, तेव्हा अर्जात “भाचीचं लग्न” लिहायचे. सहकारी हसायचे, यांच्या भाच्या आहेत तरी किती!

शेवटी स्वतः आले ते वहिनींवर उपकार म्हणून. ताठ बसले. पहिलंच वाक्य, “मॅडम, मला कसलाही न्यूनगंड नाही.”

खरंच नव्हता. आमच्या क्षेत्रात अशा माणसावर “अपंगत्वाचा स्वीकार झालेला नाही” असा शिक्का पटकन मारला जातो. मला तो कधीच पटला नाही. हे गृहस्थ घरी पाय काढून मुलांसमोर पुसत बसत, धाकटीला त्याचे पट्टे आवळायला शिकवलं होतं. स्वीकार आणखी काय असतो? तरीही दफ्तराच्या फाटकाशी आल्यावर तो पाय नाहीसा व्हायचा.

त्यांच्याकडे एक हुकमी उदाहरण होतं. “जनरल कार्डोझोंनी १९७१च्या लढाईत पाय गमावला, पुढे लाकडी पायावर बटालियन चालवली. मी एक जिना चढू शकत नाही?”

“त्यांना ते सिद्ध करून दाखवावं लागलं, कारण त्याशिवाय बटालियन मिळाली नसती. तुम्ही जिना चढून काय मिळवताय?”

उत्तर आलं नाही. पण पुढच्या खेपेला न बोलावता आले.

माझी बैठक विवेकनिष्ठ मानसोपचाराची. माणसाला त्रास घटना देत नाही, घटनेबद्दलची त्याची समजूत देते, हे सूत्र मी वर्षानुवर्षं वापरत आले आहे. म्हणून मी समजूत शोधत होते. लाज नाही, दुःख नाही, मग ही दडवादडवी आली कुठून? एका संध्याकाळी सहज विचारलं, “फौजेत एखाद्याला दुखणं असेल आणि त्याने ते सांगितलं, तर काय होतं?”

त्यांचा चेहरा एकदम व्यावसायिक झाला. “शेप-वन, म्हणजे सर्वात वरच्या श्रेणीत, असाल तर कोर्स, बढती, सगळी दारं उघडी. श्रेणी उतरली की लो मेडिकल कॅटेगरी. मग नाव मागे पडतं. आमच्या सेक्शनमध्ये एका पोराचा कान वाहायचा. मीच त्याला सांगायचो, बोर्डापुढे बोलू नकोस, गप कापूस घाल.”

“आणि तो गप्प राहिला?”

“राहिला. नाईक झाला.” मग थांबले. खिडकीबाहेर टेम्पो भोंगा वाजवत गेला, तेवढ्यातही काही बोलले नाहीत. नंतर अगदी मनापासून, नव्या रिक्रूटसारखं विचारलं, “इथे शेप नसतं का, मॅडम?”

आठ वर्षं सरकारी नोकरीत काढलेला माणूस हे विचारत होता. मला हसू आलं नाही. उलट सगळं लख्ख झालं. त्यांची समजूत खोटी नव्हतीच. ज्या संस्थेत ते मोठे झाले, तिथे ती शंभर टक्के खरी होती. तिथे श्रेणी राखणं हे शहाणपण होतं आणि तेच ते दुसऱ्या संस्थेत इमानाने पाळत होते. अशा माणसाला “मन मोकळं करा” सांगून काही होत नाही. त्याला नवी स्थायी आज्ञा वाचून दाखवावी लागते. फौजी प्रश्नाचं हे मूळ पकडता आलं, हे माझ्या कामातलं मला आवडणारं एक यश आहे.

मग आम्ही आज्ञाच वाचायला घेतली. २०१६चा दिव्यांगजन हक्क कायदा एप्रिल २०१७पासून लागू आहे. त्याचं कलम २० सांगतं की सरकारी आस्थापनेत निव्वळ अपंगत्वामुळे कुणाची बढती नाकारता येत नाही, आणि कर्मचाऱ्याला काम करता यावं म्हणून वाजवी सोयी द्याव्या लागतात. सशस्त्र दलांतली लढाऊ पदं मात्र या कलमातून वगळली आहेत. हे कळल्यावर ते म्हणाले, “म्हणजे मी जिथे होतो तिथे हे नाही, आणि जिथे आहे तिथे आहे.” इतकं नेमकं मलाही मांडता आलं नसतं.

दुसरा अडथळा अभिमानाचा होता. “एक कोटा खाऊन आलो, आता बढतीला दुसरा मागू? लोक थुंकतील.” हा काटा मला जवळजवळ प्रत्येक माजी सैनिकात दिसतो, म्हणून नीट सांगते. माजी सैनिकांचं आरक्षण सरळ भरतीपुरतं असतं. केंद्राच्या गट ‘क’मध्ये ते १० टक्के आहे. ते मिळतं तुम्ही दिलेल्या सेवेबद्दल, आणि बढतीत ते नसतंच. अपंगत्वाचं आरक्षण वेगळं, एकूण ४ टक्के, आणि बढतीत ते लागू होतं हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२०मध्ये सिद्धराजू प्रकरणात स्पष्ट केलं. पुढे जून २०२१मध्ये लीसम्मा जोसेफ प्रकरणात न्यायालय म्हणालं की अपंग कर्मचारी मुळात कोणत्या वाटेने नोकरीत आला, यावर हा हक्क अवलंबून नाही. त्या बाई अनुकंपा तत्त्वावर लागल्या होत्या. केंद्राने १७ मे २०२२च्या आदेशात गट ‘अ’च्या सर्वात खालच्या पायरीपर्यंत बढतीतलं हे आरक्षण घातलं आहे.

ते बराच वेळ तो आदेश वाचत बसले. “म्हणजे मी कुणाचं काढून घेत नाही.”

“तुमच्या नावावर निघालेलं रेशन तुम्ही उचलत नाही आहात, एवढंच.”

कागदांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथेच माणसं सर्वात जास्त चिडतात. फौजेच्या मेडिकल बोर्डाने दिलेली टक्केवारी पेन्शनसाठी असते. तिथे बोर्ड आऊट झालेल्याचं ५० टक्क्यांखालचं अपंगत्व पेन्शनपुरतं ५० धरलं जातं. तो आकडा घेऊन माणूस सिव्हिलमध्ये जातो आणि खिडकीवरचा बाबू म्हणतो, हे चालत नाही. हवालदारसाहेब त्या दिवशी लालबुंद होऊन आले होते, जणू सुरुंगच खोटा ठरवला. तसं नाही. सिव्हिलचा आरक्षणाचा लाभ किमान ४० टक्क्यांवर मिळतो आणि ती टक्केवारी सरकारी वैद्यकीय मंडळ स्वतः मोजतं. ग्वाल्हेरात मुरारच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, युडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन भरा. दुसऱ्यांदा तपासणी म्हणजे अविश्वास नव्हे. पेन्शनला त्याने धक्का लागत नाही, ही भीतीही पुष्कळांना असते.

आणखी एक गोष्ट, जी रजेवर असताना अपघात झालेल्यांना कुणी सांगत नाही. १९७९च्या पुनर्नियुक्ती नियमांत ‘अपंग माजी सैनिक’ म्हणजे शत्रूविरुद्धच्या कारवाईत किंवा अशांत क्षेत्रात जायबंदी झालेला. स्कूटरवरून पडलेला त्यात बसत नाही, आणि मग तो स्वतःला कमअस्सल समजून अपंगत्वाचा कागदही काढत नाही. २०१६चा कायदा पाय कुठे गेला हे विचारत नाही.

शेवटी अर्ज. त्यांनी पहिला मसुदा दीड पान लिहिला. त्यात पलटण, हवामान, हेलिकॉप्टर, सगळं होतं. मी म्हटलं, “अर्जातून सुरुंग काढा.” खो खो हसले, पण तो परिच्छेद काढायला त्यांनी माझ्याशी जितकी हुज्जत घातली तितकी कशावरच घातली नाही. मी हटले नाही. शौर्य लिहिलं की वाचणारा सलाम करतो आणि फाइल बाजूला ठेवतो. अडचण लिहिली तर त्याला काहीतरी ठरवावं लागतं. उरलं ते इतकं: डाव्या पायाला गुडघ्याखाली कृत्रिम पाय आहे, रेकॉर्ड दुसऱ्या मजल्यावर आहे, कलम २०प्रमाणे तळमजल्यावरची जागा मिळावी आणि अपंग कर्मचारी म्हणून नोंद व्हावी. सोबत प्रमाणपत्र.

जागा मिळाली. लिम्ब सेंटरच्या फेरीसाठी आता अपंग कर्मचाऱ्यांची वर्षातली चार दिवसांची विशेष नैमित्तिक रजा घेतात. वाहतूक भत्ताही अशा कर्मचाऱ्यांना नेहमीच्या दुप्पट असतो. तो मागायला मात्र अजून का कू करतात. वहिनींचं त्यावर काम चालू आहे.

घरच्यांना एक विनंती. “तुम्ही देशासाठी पाय दिलात, कुणाला घाबरता?” असं म्हणू नका. त्याने माणूस आणखी ताठ होतो आणि आणखी जिने चढतो. त्याऐवजी दफ्तराचा आदेश समोर ठेवा आणि मोठ्याने वाचायला लावा. फौजी माणूस लेखी हुकूम मानतो. दफ्तरात काही अडलं तर प्रत्येक सरकारी आस्थापनेत कलम २३प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा. त्याचं नाव आधीच विचारून ठेवा.

आणि बढतीचं म्हणाल, तर ती लगेच मिळेल असं मी कुणाला सांगत नाही. रोस्टरमध्ये, म्हणजे आरक्षित जागांचा क्रम ठरवणाऱ्या तक्त्यात, १००पैकी ४ बिंदू अपंगांसाठी, म्हणजे २५च्या गटात एक. संवर्ग लहान असेल तर वाट पाहावी लागते, आणि वाट पाहणाऱ्यांच्या यादीत नाव असण्यासाठी आधी नोंद असावी लागते. हवालदारसाहेबांची नोंद झाली आहे. यादी अजून लागायची आहे. दर महिन्याला आस्थापना शाखेत जाऊन ते विचारून येतात, आणि ती शाखा सुदैवाने तळमजल्यावर आहे.