भाकरीच्या टोपल्यावरचं फडकं

प्रिय सोनू,

ग्लासगोला परत पोचल्यावर तू पाठवलेला मेसेज मी तीनदा वाचला. "बाबा, तिनं दोनदा नको म्हटलं होतं. तरी तुम्ही तिच्या ताटात तिसरी पोळी वाढलीत. आपल्यात पाहुण्याच्या 'नको'ला काही किंमतच नसते का?" फोनवर बोललो असतो तर 'आपल्यात असंच असतं' म्हणून मी मोकळा झालो असतो, आणि तू गप्प बसली असतीस. म्हणून लिहितोय.

आधी एक सांगतो. तुझ्या मैत्रिणीच्या बाबतीत माझं चुकलं. ती पोळी तिनं कशीबशी संपवली, हे मला दिसलं. पण वाढताना माझा हात थांबला नाही. तो का थांबला नाही, ते तुला कळावं असं वाटतं.

माझं गाव माण तालुक्यातलं, हे तुला माहीत आहे. पण माण म्हणजे काय, हे दोन वेळा सुट्टीत येऊन कळत नाही. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर, तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला आम्ही, पाचशेच्या आसपास, आणि तोही आला तर. ढग सह्याद्रीवर रिकामे होऊन आमच्याकडं येतात. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत घागरी रांगेत लावून ठेवायच्या, हे मी शाळेत असताना रोजचं काम होतं.

अशा घरात पाहुणा आला की पहिल्यांदा काय मिळायचं? पाणी. पाय धुवायला वेगळं, प्यायला वेगळं. दारात एक सपाट दगड होता, त्यावर त्याला उभं करून तांब्या हातात द्यायचा. ते पाणी दगडावरून ओघळून कढीपत्त्याच्या आळ्यात जायचं, वाया जायचं नाही. मग घोंगडं अंथरायचं, गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या-फुलपात्र समोर ठेवायचं. "पाणी देऊ का?" असं कुणी कधी विचारलं नाही. कारण विचारलं असतं तर पाहुणा 'नको' म्हणाला असता. दोन कोस चालून घसा कोरडा पडलेला असला तरी म्हणाला असता. घरात घागरी किती आहेत, हे त्याला आल्या आल्या दिसलेलं असायचं. तोही त्याच मुलखातला.

सोनू, इथं तुझ्या प्रश्नाचं मूळ आहे. आमच्याकडचं पहिलं 'नको' बऱ्याचदा पोटाचं नसायचंच. ते यजमानाच्या घराची काळजी करणारं असायचं: तुमच्यात कमी पडेल, मी निभावून नेतो. आणि त्यावरचा आग्रह म्हणजे त्या काळजीला दिलेलं उत्तर: कमी पडत नाही, निवांत जेवा. तुझी आज्जी म्हणायची, "आवं खावा की, अजून तव्यावर हाय." तव्यावर खरंच असायची की नाही, ते तिलाच ठाऊक.

ती एक गोष्ट नेहमी करायची. भाकरीचं टोपलं फडक्यानं झाकून स्वतःच्या मागं ठेवायची. भाकऱ्या गरम राहाव्यात म्हणून, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. मोठा झाल्यावर विचारलं तेव्हा म्हणाली, पाव्हण्याला मोजता येऊ नयेत म्हणून. टोपल्यात चारच उरल्यात हे दिसलं की माणूस दुसरीवर हात धुतो.

१९७२ च्या दुष्काळातली एक आठवण ती सांगायची. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. रेशनवर लाल मिलो मिळायचा, अमेरिकेतून आलेली ज्वारी. तिची भाकरी नीट थापली जायची नाही, चवही लागायची नाही. त्या दिवसांत आज्जीचा थोरला भाऊ तिला बघायला चालत आला. घरात दुसरं पीठ नव्हतं. तिनं मिलोची भाकरी आणि हुलग्याचं माडगं वाढलं, आणि भावाकडं बघायचं टाळत चुलीत फुंकर घालत बसली. त्यानं पहिली भाकरी संपवून दुसरी मागून घेतली. हे सांगताना तिचा आवाज दरवेळी बदलायचा. त्यानं मागून खाल्लं, हा तिला त्या सबंध वर्षातला मोठा मान वाटला होता. म्हणजे पाहुण्याचंही काम असतं बघ. यजमानाला ओशाळं वाटू द्यायचं नाही.

आता दोन गोष्टी लिहितो, ज्या मला लपवायच्या नाहीत.

एक म्हणजे पाहुणे उठल्यावर आज्जी जेवायला बसायची तेव्हा टोपल्यात काय उरायचं, ते मी पाहिलेलं आहे. कधी अर्धी भाकरी, कधी नुसतं माडगं. 'त्यांच्यात पाव्हण्याची लई बडदास्त' असं गावभर आमच्या घराचं नाव होतं, पण धूर तिच्या डोळ्यांत जायचा. आपल्या घरी पाहुणे आले की ओट्याशी मी उभा राहतो आणि तुझी आई सगळ्यांबरोबर पानावर बसते, ते यासाठी. लहानपणी तू विचारायचीस ना, दुसऱ्यांचे बाबा बाहेर गप्पा मारतात, तुम्ही का नाही?

दुसरी गोष्ट जास्त जड आहे. आमच्या दारात सगळ्यांनाच फुलपात्र मिळत नव्हतं. काही लोकांना माझी आज्जी, म्हणजे तुझी पणजी, तांब्या उंच धरून ओंजळीत पाणी ओतायची. घोंगडं त्यांच्यासाठी अंथरलं जायचं नाही. हे बदललं ते तुझ्या आजोबांमुळं. ते साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात शिकले. कर्मवीरांनी ते १९२४ मध्ये सुरू केलं, १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग असं नाव मिळालं. सगळ्या जातींची मुलं तिथं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची. मुलांची जेवणाची अडचण झाली तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. पाहुणचार हा शब्द निघाला की मला आधी त्या आठवतात. ती मुलं त्यांच्या नात्यातली ना गोत्यातली.

आजोबा सुट्टीत बोर्डिंगातला एक मित्र घेऊन घरी आले. पणजीनं त्याचं ताट बाहेर सोप्याच्या कडेला मांडलं. आजोबा काही बोलले नाहीत. आपलं ताट उचललं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पणजीनं दोन्ही ताटं आत मांडली. तो मित्र पुढं आमच्या प्रत्येक जत्रेला यायचा, आम्ही त्यांना काका म्हणायचो, आणि पणजी शेवटी शेवटी त्यांच्यासाठी भाकरीवर जरा जास्तच लोणी घालायची.

आता तिसऱ्या पोळीकडं येतो. तुझ्या मैत्रिणीला आमच्या टोपल्याचा हिशोब माहीत नाही. ती ज्या घरात वाढली तिथं 'नको' म्हणजे पोट भरलं, एवढाच अर्थ. माझ्या हाताला मात्र अजून माणची सवय आहे. तिला वाटलं असेल, हे माझं ऐकतच नाहीत. मला वाटत होतं, ती संकोचतेय. म्हणजे पाहुण्याचा संकोच घालवायला गेलो आणि तिला अवघडून टाकलं. गावाकडंही जाणती बाई दुसऱ्या 'नको'ला तोंडाकडं बघायची, ताटाकडं नाही. ते मी विसरलो. आणि साखरेचा आजार असलेल्या माणसाच्या ताटात जिलेबी टाकून हसणारे लोक मला तिथंही कधी आवडले नाहीत.

तू काय करावंस? पाणी मात्र विचारू नकोस. कुणी खोलीवर आलं की नुसता ग्लास भरून समोर ठेव, प्यायचं की नाही ते त्याचं तो बघेल. चहाचं आधण ठेव आणि साखर किती, एवढंच विचार. पोळीला एकदा म्हण, "आहेत अजून, घे." आणि खरंच जास्तीच्या करून ठेव, म्हणजे ते खोटं पडणार नाही.

तुझ्या मैत्रिणीनं तिच्या आईनं दिलेला केक ज्या निळ्या डब्यातून आणला होता, तो इथंच राहिलाय. धुऊन ठेवलाय. रिकामा परत पाठवायचा नाही, हे तुला सांगायला नको. शेंगदाण्याची चटणी भरणार होतो, पण तिला तिखट चालतं का, शेंगदाण्याचा त्रास आहे का, ते मला माहीत नाही. तिला विचार आणि शनिवारच्या आत कळव.

तुझा,
बाबा