मिठाची गोळी पोटात सावकाश विरघळावी यासाठी

प्रश्न : मी औषधनिर्माणशास्त्राच्या अंतिम वर्षात शिकते आणि लांब पल्ल्याच्या धावण्याचा सरावही करते. उन्हात चार तास धावताना मिठाच्या साध्या गोळ्या घेतल्या की मला मळमळते. क्षार हळूहळू सुटत राहतील अशी एकच गोळी प्रकल्पासाठी तयार करावी, असा माझा विचार आहे. तीत पोटॅशियमही घालावे का? आणि ती घेतल्यावर पाणी हवे तितके प्यायले तर चालेल का?

उत्तर : मीठ सावकाश सोडणारा पॉलिमर (लांब साखळीच्या रेणूंचा पदार्थ) निवडण्याआधी घामाचा हिशेब मांडावा. एक लिटर घामात साधारण २० ते ८० मिलिमोल (कणांची संख्या मोजण्याचे एकक; एक मिलिमोल सोडियम सुमारे ५८ मिलिग्रॅम मिठात असते) सोडियम असते आणि माणसागणिक त्यात मोठा फरक पडतो. ४० मिलिमोल आणि ताशी एक लिटर घाम धरला, तर चार तासांत १६० मिलिमोल सोडियम, म्हणजे ९ ग्रॅमहून अधिक मीठ शरीराबाहेर जाते. ते सगळे धावतानाच भरून काढण्याची गरज नसते. पण निम्मे द्यायचे म्हटले तरी ६०० मिलिग्रॅम मिठाच्या आठ गोळ्या लागतील, कारण अशा एका गोळीत जेमतेम १० मिलिमोल सोडियम मावते. तेव्हा ‘एकच गोळी’ हा आग्रह सोडावा लागेल, आणि मला तर लहान, गोल दाण्यांची पुडी अधिक योग्य वाटते. दाणे एक-दोन मिलिमीटरचे असले तर ते जठरातून थोडे थोडे पुढे सरकतात, उलट न फुटणारी मोठी गोळी पोटात अन्न असताना तासन्‌तास जठरातच अडकून राहू शकते.

मळमळ होते ती तीव्र मीठ एकाच जागी सुटल्यामुळे. ते जठराच्या अस्तराला झोंबते, आतड्यात पोचले की भोवतालचे पाणी आत ओढून घेते, आणि धावताना आतड्यांचा रक्तपुरवठा आधीच घटलेला असतो. मीठ सावकाश सोडण्याचा खरा फायदा हा त्रास टाळण्यापुरताच आहे. एरवी सोडियम शोषून घेण्यात लहान आतडे मुळीच कमी पडत नाही, विशेषतः सोबत ग्लुकोज असेल तर, कारण तेथील वाहक प्रथिन एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम आत नेते. २००२ सालापासूनच्या जलसंजीवनीच्या सूत्रात दोन्ही लिटरमागे ७५ मिलिमोल ठेवले आहेत, तेही याच तत्त्वावर. म्हणून साखर गोळीत न घालता पेयातच ठेवावी.

हायप्रोमेलोज हा पाण्यात फुगणारा, अशा गोळ्यांत नेहमी वापरला जाणारा पॉलिमर घेतला तर एक अडचण येईल. पाण्यात टाकल्यावर त्याचा बाहेरचा थर फुगून काचेसारखा पारदर्शक होतो आणि आतला गाभा कोरडा, पांढरा राहतो. पण गोळीत मीठच जास्त असले की तेच मीठ पॉलिमरला नीट भिजू देत नाही, थर विस्कटतो आणि बरेचसे मीठ सुरुवातीलाच सुटते. मेणाचा साचा (मीठ मेणात मिसळून केलेली गोळी) किंवा पाण्यात न विरघळणाऱ्या एथिल सेल्युलोजचे आवरण यांवर मिठाचा असा परिणाम होत नाही. चाचणीसाठी ९०० मिलिलिटर पाणी, ३७ अंश सेल्सिअस तापमान आणि विद्युतवाहकता मोजणारे साधे यंत्र पुरेसे आहे. पहिल्या अर्ध्या तासात पाव भागाहून अधिक मीठ सुटले, तर मूळ तक्रार कायम राहील असे समजावे.

पोटॅशियम घालू नये. घामात ते लिटरमागे ४ ते ८ मिलिमोल एवढेच जाते आणि रोजच्या जेवणातून भरून निघते. शिवाय १९६०च्या दशकात आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या पोटॅशियम क्लोराइडच्या गोळ्यांनी लहान आतड्याला व्रण पडून ते अरुंद झाल्याचे आढळले होते.

पाण्याबद्दलचे उत्तर ठाम नकाराचे आहे, आणि आपण स्वतः धावत असल्याने ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये अंतिम रेषेवर रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचे रक्तातले सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोल या निरोगी पातळीच्या खालच्या टोकापर्यंत किंवा त्याखाली उतरले होते, आणि धावताना ज्यांचे वजन वाढले त्यांच्यात हे प्रमाण अधिक होते. शरीरात ३० लिटर पाणी असताना दोन लिटर जास्तीचे साठले, तर रक्तात लिटरमागे १४० मिलिमोल असलेले सोडियम १३१ च्या आसपास येते. तेवढी घट मिठाने भरून काढायला आपल्या २८ गोळ्या लागतील. तहान लागेल तसे प्यावे, सरावाआधी आणि नंतर वजन करावे. ते वाढलेले दिसले तर पाणी कमी करावे, गोळ्या वाढवू नयेत. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा गोळ्या घेऊ नयेत.

प्रश्न : अशी गोळी गिळवत नाही म्हणून चावून खाल्ली तर?

उत्तर : चावल्यावर साचा मोडतो आणि ती साधी मिठाची गोळी होते. गिळणे जमत नसेल तर मीठ पेयात विरघळवूनच घ्यावे. मेणाच्या साच्याचे रिकामे कवच शौचात जसेच्या तसे दिसले, तर मात्र घाबरू नये; मीठ आधीच निघून गेलेले असते.